पडद्यावरचे भाबडे दिवस : वाचकांचे प्रश्न

संगीतपटांतून जुना काळ कसा उभा केला जातो, याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : तेव्हाची माणसे साधी, गाणी साधी, सगळेच कसे निर्मळ. काहींनी मात्र नेमक्या शंका विचारल्या आहेत. त्यांतल्या निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

‘सूर निरागस हो’ हे पद ‘कट्यार काळजात घुसली’ या मूळ नाटकातले आहे, असे आमच्या गायनवर्गात सांगितले जाते. नाटक पाहिलेल्या मंडळींना ते आठवत नाही. खरे कोणाचे? (सांगली)

नाटक पाहिलेल्यांचे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले आणि त्याला संगीत होते पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. ‘घेई छंद मकरंद’, ‘सुरत पिया की’, ‘तेजोनिधी लोहगोल’, ‘या भवनातील गीत पुराणे’ ही पदे नाटकातली. ‘सूर निरागस हो’ हे गणेशस्तवन २०१५ च्या चित्रपटासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी नव्याने बांधले. गायले शंकर महादेवन आणि आनंदी जोशी यांनी.

ही गल्लत सहज होण्यासारखी आहे. त्या एका चित्रपटात तीन काळ शेजारी बसले आहेत. गोष्ट संस्थानी दरबारातली, जुनी पदे १९६७ ची, नवी गाणी २०१५ ची. डोळ्यांसमोर पगड्या, समया आणि दरबार असल्यामुळे कानालाही सगळे एकाच वयाचे वाटते. वर्गात मुलांकडून हे वेगळे करून घ्यायचे असेल, तर कोणतेही पद लावा आणि गायकाच्या आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून बाकीचे ऐकायला सांगा.

आधी दोन ओळींमधली जागा ऐका. नाट्यपदात ऑर्गन आणि सारंगी गायकाने नुकतेच गायलेले धरून ती जागा भरतात. चित्रगीतात तिथे आधीच लिहून ठेवलेला, स्वतंत्र चालीचा वाद्यवृंदाचा तुकडा येतो. मग आवाजाच्या खाली काय चालले आहे ते ऐका. तीन-चार सूर एकदम दाबून धरलेले आणि दर दोन-चार मात्रांनी बदलणारे असतील, तर ती पाश्चात्त्य स्वरसंगती झाली. जुन्या नाट्यपदाची साथ बहुतांशी चालीच्या अंगानेच जाते. शेवटची आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे गायकाला दिलेली मोकळीक. अंतऱ्यात आलाप-तानांसाठी ज्याची लांबी ठरलेली नाही असा एखादा टप्पा सापडतो का ते पाहा. सापडला, तर ते पद रंगमंचावर वाढलेले आहे.

आता ‘निरागस’ या शब्दाकडे वळू. कट्यारच्या कथेत निरागसपणा फार थोडा आहे. ती कट्यार ज्याच्याकडे असेल त्याला एक खून माफ! मत्सर, घराण्याची अढी आणि दरबारी मान यांवरच सगळे नाट्य उभे आहे. अभिषेकीबुवांनीही दोन घराण्यांच्या गायकीतला फरक चालींतून स्पष्ट ऐकू येईल अशी रचना केली. ते अतिशय जाणतेपणाने केलेले काम आहे, सहज स्फुरलेले भाबडे गाणे नव्हे. सूर निरागस असावा ही इच्छा २०१५ ची. ती सुंदर इच्छा आहे, पण ती त्या काळाची साक्ष नाही.

घरी बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आहेत. त्यांतला आवाज विलक्षण कोवळा, जवळजवळ मुलीचा वाटतो. ‘बालगंधर्व’ (२०११) चित्रपटातली पदे ऐकून आमच्या मुलांना मात्र ‘इतकीच का ती?’ असे वाटले. खरा आवाज कसा असेल आणि पदे एवढी आखूड होती का? (मिरज)

पदे आखूड नव्हती. ‘संगीत सौभद्रा’सारखी नाटके रात्रभर चालत, त्यात शंभरावर पदे असत आणि ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा, नव्या जागांनी गायले जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन ते सव्वातीन मिनिटे मावत. म्हणजे तबकडी हीच मुळात पदाची काटछाट. चित्रपटाला तर एका माणसाचे सारे आयुष्य दोन तासांच्या आसपास सांगायचे असते, त्यामुळे त्या काटछाटीतूनही मुखडा आणि एखादी तान एवढेच उरते. आनंद भाटे यांना या चित्रपटातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता, पण त्यांच्या वाट्याला आलेली मिनिटे नाटकातल्या रात्रीची नव्हेत.

आवाजाच्या कोवळेपणात बालगंधर्वांचा मोठा वाटा आहेच. थोडा वाटा यंत्राचाही आहे, आणि तो वजा करता येतो.

१९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायक कर्ण्यासमोर तोंड नेऊन गात असे. तो कर्णा ढोबळमानाने २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा टिपत होता. आवाजाचा खालचा भरदारपणा आणि वरची धार दोन्ही गळून पडत, डग्गा तर नाहीसाच होई. विजेच्या मुद्रणाने हा पट्टा साधारण १०० ते ५,००० हर्ट्‌झपर्यंत रुंदावला. म्हणून एकाच गायकाच्या १९१५ च्या आणि १९३० च्या तबकड्या ऐकल्या, तर नंतरची ‘प्रौढ’ वाटते. त्यात वयाइतकाच ध्वनिमुद्रकाचाही हात असतो.

दुसरी गोष्ट वेगाची. ‘७८’ हे नाव नंतर पक्के झाले. सुरुवातीच्या कितीतरी तबकड्या मिनिटाला ७० ते ८२ फेरे अशा कोणत्याही वेगाने कापल्या गेल्या. समजा मुद्रण ७४ फेऱ्यांनी झाले आणि आपण ती ७८ ने लावली, तर वेग ५.४ टक्क्यांनी वाढतो आणि सूर जवळजवळ एक पट्टी चढतो. हार्मोनियमवरच्या पांढरी पाचमधले गाणे लगतच्या काळी चारमध्ये ऐकू येते, ताना अधिक चपळ होतात आणि आवाज वयाने लहान वाटतो.

घरी तपासायचे असेल तर वेग कमी-जास्त करता येणारी, तबकडी फिरवणारी चक्ती (टर्नटेबल) हवी. तिच्यावर ७७ रेघांचा स्ट्रोबोस्कोप कागद, म्हणजे वेग तपासायचा गोल रेघांकित कागद, ठेवा आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवरच्या निऑन किंवा साध्या तारेच्या दिव्याखाली फिरवा. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ झाला, म्हणजे कामापुरता ७८. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा दिसणारच नाहीत, कारण तो तसा लुकलुकत नाही. मग वेग हळूहळू उतरवत, साथीच्या ऑर्गनचा षड्ज (सा) एखाद्या पट्टीवर नीट बसतो का ते पाहा. दोन पट्ट्यांच्या अधेमधे लटकत असेल, तर वेग चुकला आहे असे समजायला जागा आहे. एका तबकडीवरून निकाल देऊ नका. त्या काळच्या ऑर्गनचा मूळ सूरही आजच्यापेक्षा चढा असू शकतो. एकाच बैठकीतल्या तीन-चार तबकड्या जुळल्या, तरच विश्वास ठेवा.

आणि कृपा करून एलपीची सुई लावू नका. तिचे टोक सुमारे २५ मायक्रॉनचे, ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचे लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि शंभर वर्षांची धूळ तेवढी वाजवते.

जुन्या काळाचे दृश्य आले की माणसे तुरुतुरु धावतात आणि सगळे पिवळट दिसते. तेव्हाचे चित्रपट असेच होते का? (जळगाव)

नव्हते. मूकपट बऱ्याचदा सेकंदाला १६ ते २० चौकटींनी चित्रित होत. बोलपटाचा वेग २४ वर ठरला. सोळाने घेतलेली फीत चोवीसच्या यंत्रावर चालवली की ६० सेकंदांची चाल ४० सेकंदांत उरकते. मूळ प्रेक्षकांनी ती माणसे बऱ्याच अंशी सावकाश चालतानाच पाहिली होती. ही चूक नंतरच्या पिढ्यांनी इतकी पाहिली की तीच जुन्या काळाची खूण ठरली, आणि आता दिग्दर्शक ती मुद्दाम करतात. त्यातून ती माणसे लहान मुलांसारखी, बाहुल्यांसारखी दिसतात. त्यांच्यावर हा अन्यायच आहे.

पिवळट रंगाचेही तसेच. मूकपटांच्या फिती अनेकदा रंगात बुडवत, पण रंग प्रसंगानुसार बदलत. रात्रीला निळा, आगीला तांबडा, दिव्याच्या उजेडाला अंबरी. सगळ्याला एकच पिवळा हात फिरवणे ही आपली सवय.

मुलीने ‘ग्रीस’ पाहिला आणि आता तिला वाटते की १९५० च्या दशकातली अमेरिका म्हणजे गाणी, गाड्या आणि निष्पाप प्रेम. तिला काय दाखवावे? (पुणे)

आधी तोच चित्रपट पुन्हा दाखवा, हातात कागद-पेन्सिल देऊन.

‘ग्रीस’ १९७८ चा, कथेचा काळ १९५८-५९. मूळ संगीतिका १९७१ मध्ये शिकागोत झाली. ती शिकागोच्या कामगार वस्तीतल्या पोरांची होती, भाषेने आणि वागण्याने पुष्कळ राकट. चित्रपटाने ती कॅलिफोर्नियाच्या उन्हात आणली. कॉलेजात न गेलेल्या वयाची ही मुले ज्यांनी साकारली त्यांची चित्रीकरणाच्या वेळची वये मुलीला काढायला सांगा : जॉन ट्रॅव्होल्टा २३, ऑलिव्हिया न्यूटन-जॉन २८, स्टॉकार्ड चॅनिंग ३३. मोठी माणसे शाळकरी वयाचा खेळ खेळत आहेत, हे एकदा दिसले की सगळा चित्रपट आठवणीसारखा दिसू लागतो. आठवण काढणारा माणूसही असाच मोठ्या अंगाने लहानपणात शिरतो.

मग गाणी वेगळी करा. शाळेतल्या नृत्यस्पर्धेत ‘शा ना ना’ हा गट ‘हाउंड डॉग’, ‘ब्लू मून’ अशी त्या काळात खरोखर गाजलेली गाणी वाजवतो. पण ज्यांवर प्रेक्षकाचे मन हेलावते ती गाणी पाहा. शीर्षकगीत बॅरी गिब यांनी चित्रपटासाठी लिहिले. ‘यू आर द वन दॅट आय वॉन्ट’ आणि ‘होपलेसली डिव्होटेड टू यू’ ही जॉन फरार यांनी चित्रपटासाठी दिली, ती मूळ संगीतिकेतली नव्हेत. शीर्षकगीताचा ठेका तर सरळसरळ १९७० च्या दशकातल्या डिस्कोच्या घरचा आहे.

ही वाटणी ‘ग्रीस’पुरती नाही. १९४४ च्या ‘मीट मी इन सेंट लुईस’मध्येही ती सापडते. काळ १९०३-०४, सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाच्या आधीचा. प्रत्येक ऋतूची सुरुवात जुन्या शुभेच्छापत्रासारख्या चित्राने होते आणि ते चित्र हलू लागते. १९०४ चे शीर्षकगीत आणि १९०२ चे ‘अंडर द बांबू ट्री’ ही खरी जुनी गाणी घरातल्या बैठकीत, गमतीत येतात. ‘द ट्रॉली साँग’ आणि ‘हॅव युवरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस’ हे नाताळचे प्रसिद्ध गाणे ह्यू मार्टिन व राल्फ ब्लेन यांनी नवे केले. जुने गाणे काळाची शपथ घ्यायला आणि नवे गाणे आजच्या माणसाला रडवायला, अशी ती कामे वाटलेली असतात. नाताळच्या गाण्याचे पहिले शब्द इतके उदास होते की जुडी गार्लंडने ते बदलून मागितले. महायुद्ध चालू होते. समोर बसलेल्या प्रेक्षकांची माणसे आघाडीवर होती. त्या चित्रपटातले १९०३ हे १९४४ च्या माणसाला परत जावेसे वाटणारे घर आहे. हे कळले की त्याची गोडी कमी होत नाही, उलट वाढते.

आता ‘ग्रीस’मध्ये काय नाही ते मुलीला शोधू द्या. १९५४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला आणि १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत नेण्यासाठी सैन्य पाठवावे लागले. ‘ग्रीस’मधली शाळा त्याच्या पुढच्याच वर्षातली आहे. तिथे याचा मागमूस नाही, आणि ज्या कृष्णवर्णीय गायकांच्या संगीतातून रॉक अँड रोल जन्मले तेही नाहीत.

जोडीला २००७ चा ‘हेअरस्प्रे’ दाखवा. बाल्टिमोर, १९६२, दूरदर्शनवरच्या नृत्याच्या कार्यक्रमात गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र नाचू देत नाहीत, हाच विषय. मात्र शेवटी सगळे एकत्र नाचतात. ज्या बडी डीन शोवर हे बेतले तो एकत्र नाचू देण्याऐवजी जानेवारी १९६४ मध्ये बंदच झाला. उणीव भरून काढायला निघालेला चित्रपटही शेवट गोड करून जातो.

एक गोष्ट ‘ग्रीस’च्या बाजूने सांगायला हवी. रिझो या मुलीला दिवस गेल्याची भीती, बदनामी, मुलांच्या फुशारक्या हे सगळे चित्रपटात आहे. ते गाळले आहे आपण, पाहणाऱ्यांनी.

जुन्या चित्रपटांतले नायक-नायिका गाताना किती शांत, हातवारे न करता उभे राहत. आताच्या चित्रपटात तोच काळ दाखवताना हे जमत का नाही? ओठही खोटे वाटतात. (नागपूर)

शांतपणाचे मूळ स्वभावात कमी आणि मायक्रोफोनमध्ये जास्त आहे. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ च्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूपछाँव’ यांपासून सुरू झाले. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गात असे, वादक चौकटीबाहेर किंवा झुडपाआड बसत आणि माइक डोक्यावर टांगलेला किंवा कुठेतरी लपवलेला. मान वळवली की आवाज गेला. १९५२ चा ‘सिंगिंग इन द रेन’ नेमका यावरच आहे : झुडपात माइक, आणि नटी डोके हलवील तसा आवाज येतो-जातो. हसून पोट दुखते, पण तो प्रसंग तंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

गमतीची बाब म्हणजे त्याच चित्रपटात पार्श्वगायनाचे बिंग फुटते आणि ‘खऱ्या आवाजाचा’ विजय होतो. प्रत्यक्षात विजयी होणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सच्या काही गाण्यांना बेटी नॉइस हिचा आवाज आहे, आणि जिथे कथेत रेनॉल्ड्स त्या झुडपातल्या माइकवाल्या नटीला, म्हणजे जीन हेगनला, बोलका आवाज देते तिथे ऐकू येतो तो स्वतः जीन हेगनचाच. चित्रपटातली गाणीही बहुतांशी १९२९ ते १९३९ या काळातली, आधी वापरलेली. म्हणून ती कथेच्या काळाच्या बरीच जवळ वाटतात.

ओठ खोटे वाटण्याची कारणे मात्र साधी आहेत आणि दुरुस्त करता येतात. नट नुसते ओठ हलवतो, गात नाही. त्यामुळे गळ्याची शीर आणि बरगडी हलत नाही. सेटवर ध्वनिफीत मोठ्याने लावून नटाने खऱ्या आवाजात, बेसूर का होईना, गायला हवे. तानेत जबडा किती हलतो ते मूळ गायकाचे चलचित्रण घेऊन पाठ करावे. चांगल्या गायकाचा जबडा तानेत फार कमी हलतो आणि नट हटकून तो जास्त हलवतात. ओळीआधीचा श्वास हा सर्वांत दुर्लक्षित भाग. ध्वनिमुद्रणात श्वास पुसून टाकलेले असतात, मग नटही घेत नाही आणि प्रेक्षकाला काहीतरी चुकल्याची जाणीव होते. गाताना गायकाने कुठे श्वास घेतला याच्या खुणा शब्दांच्या कागदावर करून तो नटाला द्यावा.

संकलनात एक चौकट म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. आवाज ओठांच्या दोन चौकटी आधी आला की डोळ्याला लगेच खटकते, एखादी चौकट मागे राहिला तर चालून जातो, कारण लांबून येणारा आवाज मागे राहणे आपल्याला रोजच्या सवयीचे असते.

जुना काळ भाबडा न करता गाण्यांतून उभा केलेला एखादा चित्रपट सुचवाल का? (मडगाव)

तुमच्याच भाषेतला आहे : बार्ड्रॉय बार्रेटो यांचा कोंकणी ‘नाचुंया कुंपासार’. लॉर्ना आणि ख्रिस पेरी यांच्या आयुष्यांवरून सुचलेली कथा, १९६०-७० च्या दशकांतल्या मुंबईत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांची. ख्रिस पेरींची सुमारे वीस जुनी गाणी नव्याने वाजवून त्यांच्याच क्रमाने कथा विणली आहे. काळासाठी जुनी गाणी आणि रडवायला नवी, ही वर सांगितलेली वाटणी येथे मोडते, कारण मन हेलावणारी गाणीही जुनीच आहेत. आणि हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद ज्यांनी घडवला त्या गोवेकरांची नावे पडद्यावर येत नसत, ही गोष्ट हा चित्रपट लपवत नाही.

आमच्या अमेरिकेतील मराठी मंडळात गणेशोत्सवाला एक तासाचा ‘जुनी गाणी, जुना काळ’ कार्यक्रम करायचा आहे. गेल्या वर्षी तो फार गुळमट झाला. हौशी गायक आठ, वादक पाच, श्रोते सुमारे दीडशे. काय बदलावे? (न्यू जर्सी)

नावापासून बदला. ‘जुना काळ’ असा काळ नसतो. १९३६ चा संतपट, १९५५ चे गीतरामायण आणि १९६७ चे नाट्यपद यांचे ध्वनी एकमेकांपासून लांब आहेत. एका साच्यात ओतले की गूळच होणार. पाच ते सात वर्षांचा एक तुकडा निवडा आणि त्यातच राहा.

एका तासात सव्वातीन मिनिटांची अकरा गाणी धरा, म्हणजे ३६ मिनिटे. निवेदनाला १२, आणि सूर लावणे, ये-जा यांना १२. गेल्या वर्षी गुळमटपणा बहुधा निवेदनातून आला असेल. निवेदकाने ‘किती सुंदर दिवस होते ते’ असे एकदाही म्हणू नये, त्याऐवजी त्या गाण्याच्या वर्षी तांदळाला रांग होती का, घरात रेडिओ होता का, बाई गाते म्हणून घरचे काय म्हणत, हे सांगावे.

वादक पाचच ठेवा : ऑर्गन किंवा हार्मोनियम, तबला, व्हायोलिन, बासरी आणि मँडोलिन. कीबोर्डवरचा लांबलचक ‘तंतुवाद्यांचा’ आवाज पूर्ण बंद. आठवणीचा साखरपाक बव्हंशी त्यातूनच येतो.

आठ माइकऐवजी मध्यभागी एक चांगला कंडेन्सर माइक (लांबचा, बारीक आवाजही टिपणारा) उभा करा, गायकाच्या ओठांच्या उंचीवर. गायक ३० ते ४५ सेंटिमीटरवर, व्हायोलिन आणि बासरी सव्वा मीटरवर, ऑर्गन दीड मीटरवर, तबला दोन मीटरवर. कोणाचा आवाज दबला तर त्याला पुढे सरकवा, यंत्रावरून आवाज वाढवू नका. अशी मांडणी वाईट बसली की शिट्टी वाजते, म्हणून कलाकारांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेले परतीचे ध्वनिक्षेपक काढून टाका आणि सभागृहाचे ध्वनिक्षेपक माइकच्या पुढे किमान तीन मीटर ठेवा. वादकांना एकमेकांचे थेट ऐकू येईल इतके जवळ बसवा. पहिल्या तालमीला सगळे घाबरतील. तिसऱ्या तालमीला गायक स्वतःहून मागे-पुढे होऊ लागतील, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतला तो श्वास घेणारा तोल आपोआप येईल.

तालयंत्राची टिकटिक कानात नको. जुन्या गाण्यांची लय अंतऱ्यात किंचित चढते आणि मुखड्याला परत बसते. सूर सुधारणारे सॉफ्टवेअर चालू असेल तर मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणे, पायऱ्यापायऱ्यांची होते आणि गाणे तिथेच मरते.

चित्रफीत काढून नंतर पाठवणार असाल, तरच आवाजाला जुना हात लावा. ध्वनी एकवाहिनी (मोनो) करा, १०० हर्ट्‌झच्या खालचे कापा आणि वरचा भाग सावकाश उतरू द्या. त्या काळच्या चित्रपटगृहांत तो ८ किलोहर्ट्‌झपाशी सुमारे १८ डेसिबलनी खाली असे. तुम्ही याच्या निम्माच उतरवा, नाहीतर घरच्या लहान ध्वनिक्षेपकावर शब्द कळणार नाहीत. तबकडीची खरखर वरून घालू नका. त्या काळच्या लोकांना गाणे खरखरीसह आवडत नव्हते, खरखर असूनही आवडत होते.

कपड्यांत नऊवारी खरी नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरची घ्या. शिवून तयार मिळणाऱ्या साड्यांचा काष्टा उभे राहण्याची ढबच बदलतो. चकाकणारे पॉलिस्टर दिव्याखाली लगेच उघडे पडते. काचेच्या बांगड्या दोनच, आणि त्याही पातळ दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, कारण कंडेन्सर माइक प्रत्येक किणकिण टिपतो. दिवे २,७०० ते ३,००० केल्विनचे. तुमच्याकडे वीज ६० हर्ट्‌झची आहे, म्हणून कॅमेऱ्याचा शटर १/६० वर ठेवा. भारतातून आलेल्या कोणाच्या कॅमेऱ्यात तो १/५० वर राहिला असेल, तर पडद्यावर पट्टे सरकतील.

गायकांना एकच सूचना द्या : मान कलती करून, पापण्या मिटमिटत गोड दिसण्याचा प्रयत्न नको. एका माइकसमोर उभे राहून कठीण जागा नीट घेणारा माणूस जसा दिसतो, तसेच दिसावे. त्यासाठी तालमीतच आरसा झाकून ठेवा.